स्वस्तात मिळालेला मोल्सवर्थ

शनिवारी सकाळी गराज सेलच्या पाट्या शोधत गाडी हिंडवायची, हा आपल्यापैकी बहुतेकांनी या देशातल्या पहिल्या दोन-चार वर्षांत मनापासून केलेला उद्योग. विद्यार्थिदशेत माझी पहिली खुर्ची, पहिला दिवा आणि पहिला टोस्टर मी अशाच कुणाच्या तरी ड्राइव्ह-वेवरून उचलून आणला होता. दोन डॉलरची वस्तू दीड डॉलरला मिळाली, की मंडईत कोथिंबिरीची जुडी वरून पदरात पाडून घेतल्यासारखा आनंद व्हायचा. पुढे नोकरी लागली, घर झाले, बेसमेंट भरले. पण ती खोड काही गेली नाही. ती फक्त इंटरनेटवर गेली.

हा लेख लिहायला निमित्त झाले ते अशाच एका खरेदीचे. मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. माझी डॉक्टरेट सिग्नल प्रोसेसिंगमधली, आणि पोट भरते ते सॉफ्टवेअर लिहून. पण एका पुस्तकाने आणि वडिलांच्या एका प्रश्नाने मला वर्षभर कोर्टाच्या जुन्या निकालांत आणि त्याहूनही जुन्या ग्रंथांत डोके खुपसायला लावले. त्यातून जे हाती आले, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवते आहे.

इंटरनेटवरच्या लिलावात स्वस्तात वस्तू मिळवण्याची एक युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. विकणाऱ्याने वस्तूच्या नावाचे स्पेलिंग चुकवले, तर शोधणाऱ्यांना ती वस्तू सापडत नाही. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. मी यासाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला शब्द दिला की तो त्या शब्दाची शक्य तितकी चुकीची स्पेलिंगे तयार करी आणि रोज रात्री लिलावाच्या याद्या चाळून काढी. काही वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत या चाळणीत एक 'डिक्शनरी' अडकली. अर्थात स्पेलिंग चुकलेली. वर्णन असे होते: जुना जाडजूड शब्दकोश, पुठ्ठा सुटलेला, सुरुवातीची पाने गहाळ, भाषा बहुधा हिंदी. बोलीची सुरुवात ९ डॉलर ९९ सेंटपासून. सोबत आतल्या एका पानाचा फोटो. तो मोठा करून पाहिला आणि नजर एका शब्दावर थांबली: 'काळजी'. वरखाली सगळीकडे 'ळ'च 'ळ'. हिंदीच्या कोशात हे अक्षर इतक्या संख्येने कुठून येणार?

पानाची मांडणीही ओळखीची होती. माझे वडील साताऱ्याला हायस्कुलात मराठी शिकवत. मोल्सवर्थच्या कोशाचे पुण्यात १९७५ साली निघालेले पुनर्मुद्रण त्यांच्या टेबलावर कायम उघडे असे. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला तेव्हा त्यात सुमारे २५ हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांच्या घरात गेले. फोटोतला पिवळा पडलेला कागद आणि जुने टाइप पाहून हे पान त्या १८५७ च्या मूळ छापाचे आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

लिलाव संपायला सहा सेकंद राहिले असताना मी माझी कमाल मर्यादा टाकली, १०० डॉलर. उत्तर द्यायला कुणाला वेळच नव्हता. पुस्तक मला २२ डॉलर ५० सेंटना मिळाले.

त्याच रात्री साताऱ्याला फोन केला. बाबा हरखून गेले. "मूळ छाप? आणि अमेरिकेत? किती पडले गं?" मी आकडा सांगितला. पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, "आणि त्या विकणाऱ्या बाईंना ठाऊक होतं का, त्या काय विकतायत ते?"

"बाबा, लिलाव होता तो. कुणालाही बोली लावता येत होती."

"ते मी विचारलं नाही."

बाबांचा हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमन वक्ता आणि मुत्सद्दी सिसेरो याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात बाजारातले पेच आहेत. त्यातला प्रसिद्ध पेच असा: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्याला सोन्याचा भाव आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी धान्याची गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरो दोन तत्त्वज्ञांना या प्रश्नावर भांडायला लावतो. एक म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, सगळी माणसे एकमेकांची आहेत, तेव्हा सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल दुसऱ्याच्या बाजूने पडतो. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणे हेच लपवणे, असे त्याचे म्हणणे.

हा झाला जास्त जाणणारा विक्रेता. पण त्याच ग्रंथात जास्त जाणणारा ग्राहकही आहे, आणि माझ्या कामाचा तोच होता. क्विंटस स्केव्होला नावाचा एक नामवंत कायदेपंडित शेतजमीन विकत घ्यायला गेला. मालकाला म्हणाला, घासाघीस नको, एकदाच काय ती किंमत सांग. मालकाने सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते जमिनीची किंमत याहून जास्त आहे. आणि त्याने वर एक लाख सेस्टर्स घातले. यावर सिसेरोने दिलेला शेरा मोठा गमतीचा आहे. हे सज्जनाचे काम आहे, हे कुणी नाकारत नाही, पण ते शहाण्याचे काम आहे, असे म्हणायला लोक तयार नाहीत. दोन हजार वर्षांत लोकमत फारसे बदललेले दिसत नाही. आमच्या मित्रमंडळींत ही गोष्ट सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "वेडाच होता की!"

याच धर्तीची दुसरी गोष्ट वाचताना मात्र मी चपापले, कारण तिच्यात पुस्तकच आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टिन याने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या एका ग्रंथाच्या तेराव्या भागात ती येते. एका नकलाकाराने जाहीर केले की पुढच्या खेळाला मी प्रत्येकाच्या मनातली इच्छा सांगेन. थिएटर तुडुंब भरले. तो रंगमंचावर आला आणि म्हणाला, तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यायचे आहे आणि महागात विकायचे आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑगस्टिन म्हणतो, गोष्ट मजेची असली तरी खरी नाही, कारण मला एक अपवाद माहीत आहे. एका गृहस्थाकडे कुणी हस्तलिखित पुस्तक विकायला आणले. विकणाऱ्याला त्याची किंमत कळत नव्हती, म्हणून त्याने थोडे पैसे मागितले. या गृहस्थाने मात्र, समोरच्याच्या ध्यानीमनी नसताना, त्याची योग्य ती, कितीतरी मोठी किंमत दिली. ऑगस्टिनने त्या गृहस्थाचे नाव सांगितलेले नाही.

आता कुणी म्हणेल, या समोरासमोरच्या व्यवहाराच्या गोष्टी झाल्या. लिलावात किंमत कुणी एक माणूस ठरवत नाही, बाजार ठरवतो. मीही बाबांना हेच सांगत होते. म्हणून लिलाव ही काय चीज आहे, हे पाहायला हवे, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

'लिलाव' हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीजांच्या 'लैलांव'वरून, म्हणजे समुद्रमार्गे. गोव्यात हा प्रकार कसा चाले, याचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपल्याला मिळते. यान हौखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ छापला आणि त्यात गोव्याच्या बाजाराचे एक मोठे चित्रही घातले. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत, शहराच्या मुख्य रस्त्यावर लिलाव भरे. पुकारा करणारे लोक अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या असा विकायचा माल घालूनच हिंडत. अरबी घोडे, मसाले, गालिचे आणि सोबत विकायला उभी केलेली गुलाम माणसे. कुणी मरण पावला, की त्याची चीजवस्तूही इथेच येई. मग तो व्हाइसरॉय का असेना.

मेलेल्या माणसाच्या मालाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. विकणारा हयातच नाही. तो भाव काय सांगणार? तरीही माल मातीमोल जाऊ नये, अशी व्यवस्था आहे. ती कशी? दिवसाउजेडी, भर रस्त्यात, मोठ्याने ओरडून. माल जाणणारे दहा जण जमले आणि एकमेकांवर चढू लागले, की विकणारा आंधळा असला तरी भाव डोळस निघतो. 'आंधळ्याच्या गायी देव राखतो' म्हणतात. लिलावात त्या गायी गर्दी राखते. लिलावाचे नैतिक समर्थन काय असेल तर हेच. मात्र हे राखणे फक्त मालकाच्या हिताचे होते. त्याच चौकात उभ्या केलेल्या गुलामाला त्या गर्दीने कधी राखले नाही, हेही विसरू नये.

उलट जिथे गर्दी नाही, दोघेच समोरासमोर आहेत आणि एकाला जास्त कळते, तिथे कोर्टाला निवाडा करावा लागतो. आपण ज्या देशात राहतो तिथल्या कोर्टांनी एकोणिसाव्या शतकात असे तीन निवाडे दिले. इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवतात.

पहिला तंबाखूचा. १८१२ ला सुरू झालेल्या इंग्लंड-अमेरिका युद्धात न्यू ऑर्लिन्स बंदराची नाकेबंदी झाली होती, त्यामुळे तंबाखूचे भाव पडले होते. तहावर सह्या झाल्या २४ डिसेंबर १८१४ ला, पण बातमी समुद्र ओलांडून यायला आठवडे लागले. १९ फेब्रुवारी १८१५ च्या भल्या सकाळी ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला ती सगळ्यांच्या आधी कळली. त्याने लेडलॉ यांच्या पेढीवर जाऊन १११ मोठी पिंपे तंबाखूचा सौदा पक्का केला. पेढीवरच्या माणसाने त्याला विचारले, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? ऑर्गनने काही सांगितले नाही. थोड्याच वेळात बातमी गावभर झाली आणि भाव तीस ते पन्नास टक्के चढले. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८१७ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: अशी बाहेरची माहिती सांगण्याचे बंधन ग्राहकावर नाही. मात्र समोरच्याची फसगत होईल असे काही बोलायचे किंवा करायचे नाही. तसे झाले होते की नाही, हे ज्यूरीने ठरवावे, म्हणून खटला परत पाठवला.

दुसरा निवाडा विस्कॉन्सिनचा, १८८५ चा. एका बाईला पक्ष्याच्या छोट्या अंड्याएवढा सुंदर खडा सापडला होता. तिने तो जवाहिऱ्याला दाखवला. पुष्कराज असावा, असे दोघांना वाटले. त्याने एक डॉलर देऊ केला, तिने दिला नाही. पुढे पैशांची नड आली, तेव्हा ती तोच खडा घेऊन परत आली आणि एक डॉलरला विकून गेली. तो निघाला पैलू न पाडलेला हिरा, किंमत सुमारे सातशे डॉलर! तिने व्याजासकट एक डॉलर दहा सेंट परत देऊ केले. कोर्ट म्हणाले, फसवणूक नव्हती, दोघेही अज्ञानी होते, सौदा कायम. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण त्या निकालपत्रात नाही एवढेच.

तिसरा निवाडा गायीचा, मिशिगनचा, १८८७ चा. व्हिस्कीचे प्रसिद्ध कारखानदार हायरम वॉकर यांच्याकडे 'रोझ' नावाची उत्तम जातीची गाय होती. ती भाकड आहे, असे समजून त्यांनी ती खाटकाच्या भावाने, पौंडाला साडेपाच सेंट या दराने, एका बँकरला विकली. म्हणजे साधारण ऐंशी डॉलरला. गाय न्यायला माणूस येण्याआधी कळले की ती गाभण आहे! आता तिची किंमत साडेसातशे ते हजार डॉलर. वॉकर यांनी गाय द्यायचे नाकारले, आणि कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली. भाकड गाय आणि दुभती गाय ही मुळात दोन वेगळी जनावरे, तेव्हा ज्या वस्तूचा सौदा झाला ती वस्तूच नव्हती. एका न्यायमूर्तींनी मात्र विरोधी मत नोंदवले, की ही गाय गाभण राहू शकेल, असे ग्राहकाला वाटत होते. त्याने तो धोका पत्करला होता, मग फळ त्याला का नको?

खडा गेला तो गेला, गाय मात्र परत मिळाली. कायद्याला या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता आलेले नाही. १९७८ मध्ये अँथनी क्रॉनमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी एक सूत्र सुचवले. जी माहिती माणसाने मुद्दाम कष्ट आणि पैसा घालून मिळवली, ती त्याने स्वतःजवळ ठेवावी, नाहीतर असे कष्ट कुणी करणारच नाही. जी माहिती त्याला सहजासहजी मिळाली, तिच्यावर तसा हक्क नाही. इंजिनियरला आवडेल असे हे सूत्र आहे. मी ते स्वतःला लावून पाहिले. स्पेलिंगांचा प्रोग्रॅम लिहिण्यात माझे तीन शनिवार-रविवार गेले होते, ते कष्ट. पण 'ळ' ओळखण्यासाठी मी काय कष्ट केले होते? ती मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली गोष्ट.

आणि इथे मला एक कबुली द्यायला हवी. वर त्या जाहिरातीचे वर्णन मी दिले, त्यातली शेवटची ओळ मी गाळली होती. ती अशी होती: ही भाषा कोणती, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. खाली प्रश्नोत्तरांची सोय होती. उत्तर लिहायला मला अर्धे मिनिट लागले असते. पण उत्तर दिसले असते सगळ्यांना, आणि मग 'मराठी' हा शब्द शोधणारे आपले दहा लोक तिथे जमले असते. तंबाखूच्या पेढीवरचा तो ऑर्गन आणि मी यांत फरक एवढाच, की तो समोर उभा राहून गप्प बसला आणि मी पडद्याआड.

आता इंटरनेटवरच्या लिलावाकडे येऊ. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पियेर ओमिड्यार नावाच्या प्रोग्रॅमरने 'ऑक्शनवेब' सुरू केले. तेच पुढे 'ई-बे' झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटना. ओमिड्यारने घेणाऱ्याला मुद्दाम विचारले, हा बिघडलेला आहे हे तुम्हाला कळले आहे ना? तो म्हणाला, मी बिघडलेले पॉइंटरच जमवतो. म्हणजे या धंद्याचा पहिलाच व्यवहार समोरच्याला पूर्ण कल्पना आहे ना, याची खात्री करून झाला होता.

तिथल्या बोलीच्या पद्धतीमागे एक सुंदर विचार आहे. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरे यांनी दाखवले, की सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला वस्तू द्यावी, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके घ्यावेत. मग प्रत्येकाला आपली खरी किंमत लिहिण्यातच हित असते. त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांत ते वारले. इंटरनेटवरचे लिलाव याच तत्त्वाच्या जवळ जातात. तुम्ही मर्यादा सांगायची, संगणक दुसऱ्याच्या बोलीहून थोडीशीच वर बोली लावतो. माझे १०० डॉलर आणि २२ डॉलर ५० सेंट यांचा हिशोब तोच.

मग शेवटच्या सेकंदाला उडी घेण्याचे कारण काय? ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर एक लेख प्रसिद्ध केला. ई-बेवर लिलाव ठरलेल्या क्षणी बंद होई. ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांत मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत वाढे. साहजिकच शेवटच्या क्षणाच्या उड्या ई-बेवर कितीतरी जास्त. पण त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. ई-बेवर संगणकांपेक्षा जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या लिलावात अशा उड्या अधिक होत्या. संगणकाची किंमत सर्वांना ठाऊक असते. दुर्मिळ वस्तूची किंमत जाणकाराला ठाऊक असते, आणि जाणकाराने लवकर बोली लावली की त्याच्या बोलीवरूनच इतरांना कळते, इथे काहीतरी आहे! म्हणून जाणकार शेवटच्या सेकंदापर्यंत दडून बसतो.

स्पेलिंगच्या चुकीचे तर एक गाजलेले उदाहरण आहे. १८५२ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेसाठी 'ऑलसॉप' या कारखान्याने खास बिअर बनवली होती. तिची एक बाटली २००७ च्या सुमारास नावातले एक 'पी' गाळून लिलावात आली आणि ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने स्पेलिंग सुधारून ती पुन्हा लिलावात लावली, तर बोली पाच लाख डॉलरच्या वर चढली! ती बोली खरी नव्हती, असे पुढे उघड झाले. पण एका अक्षराने गर्दी कशी जमते आणि कशी पांगते, हे सगळ्या जगाने पाहिले.

आणि जिथे भोळ्या विक्रेत्याच्या शोधात इतके लोक फिरतात, तिथे भोळेपणाचे सोंग घेणारेही निघणारच. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून विकायला काढले. मी आपला साधा संसारी माणूस, चित्राला मुलाच्या खेळण्याने भोक पडले आहे, अशा थाटाचे वर्णन. फोटोच्या कोपऱ्यात मात्र रिचर्ड डीबेनकॉर्न या मोठ्या चित्रकाराची वाटावीत अशी आद्याक्षरे. बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली. विक्रेत्याने दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावल्याचे आढळले, सौदा रद्द झाला आणि पुढे खटलाही झाला. गुन्हा त्याचाच. पण बोली लावणाऱ्यांच्या मनात काय होते? याला काही कळत नाही, आपण मारून नेऊ, हेच ना?

गोव्याच्या चौकाची आठवण करा. गर्दी आणि उजेड, या दोन गोष्टींनी अडाणी विक्रेत्याला राखले होते. स्पेलिंगच्या चुका शोधणे म्हणजे गर्दी टाळणे, आणि शेवटच्या सेकंदाला बोली लावणे म्हणजे उजेड टाळणे. मी बाबांना म्हणाले, 'लिलाव होता तो.' खरे तर मी प्रोग्रॅम लिहून त्या लिलावातला लिलाव काढून टाकला होता आणि उरला होता तो फक्त दोन माणसांमधला सौदा, ज्यातल्या एकीलाच सगळे दिसत होते. शिवाय या व्यवस्थेत बहुतेक कुंपणे ग्राहकासाठी आहेत. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला जास्त कळत असेल तर बाजार कसा नासतो. त्या भीतीपोटी ई-बेवर १९९६ पासून एकमेकांबद्दल शेरे लिहिण्याची सोय झाली. २००८ पासून तर विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट शेरा लिहिताच येत नाही. ग्राहकाला जास्त कळत असेल तर काय, याची तजवीज मात्र फारशी कुठे नाही. ती ज्याची त्याने करायची.

म्हणजे स्वस्त वस्तू घेऊच नये का? तसे मला वाटत नाही. शोधण्याचे कष्ट खरे असतात, धोकाही खरा असतो, आणि जुन्या वस्तू जाणत्या हातांत पोचतात त्या अशा शोधणाऱ्यांमुळेच. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडून घेताना मी आजही तोंड मिटून घेते. ज्ञान हा त्याचाही धंदा आहे. पण घरातला माळा रिकामा करणाऱ्या माणसाने विचारले, हे काय आहे? तर तिथे गप्प बसण्याचा मोबदला माझा नव्हे.

पुस्तक आले तेव्हा त्यात पहिला शब्द शोधला तो 'लिलाव'. मग पाने उलटताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, सावकाश गिरवलेल्या अक्षरांत दोन शब्द दिसले: 'अहमदनगर, १९२१'. देवनागरीत असल्यामुळे त्या बाईंना ते वाचता आले नसणार. आणखी काही महिने मी सिसेरो आणि तंबाखू वाचण्यात घालवले. खरे तर पत्र लिहायचे टाळत होते. शेवटी लिहिले. हा कोश कोणता, भाषा कोणती, पेन्सिलीने काय लिहिले आहे, हे सगळे कळवले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते, हेही लिहिले. आणि सोबत ७७ डॉलर ५० सेंट पाठवले. संगणकाला मी स्वतःहून सांगितलेली किंमत १०० होती, तिच्यातले उरलेले. चांगल्या प्रतीला याहून जास्त पडतात. ऑगस्टिनच्या त्या गृहस्थाएवढी मी मोठी नाही.

बाई पैसे परत पाठवतील, 'कशाला हो' म्हणतील, अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. त्यांनी पैसे ठेवून घेतले. स्वयंपाकघराचे छत गळत होते, त्या दुरुस्तीत ते घातले, असे साधेपणाने कळवले. माळे रिकामे करणाऱ्यांना पैशांची फारशी गरज नसते, ही आपण बार्गेनवाल्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे, हे मला त्या एका ओळीने शिकवले.

पत्रात पुढे होते: आजी लग्नाआधी हिंदुस्थानात मिशनच्या शाळेत शिकवीत असे. म्हातारपणी, विस्मरण झाल्यावर, ती एका भाषेत स्वतःशी बोलायची. ती भाषा कोणती, हे घरात कुणालाच कधी कळले नाही. म्हणून जाहिरातीत विचारले होते.

त्यांना पुस्तकाची किंमत नको होती, आजीच्या भाषेचे नाव हवे होते. ते माझ्याजवळ होते, आणि ते देण्यात माझे काही कमी होणार नव्हते.

बाबांना हे पत्र फोनवर वाचून दाखवले. ते म्हणाले, "हिशोब बरोबर केलास गं. फक्त सहा महिने उशिरा." मग म्हणाले, "त्या बाईंना विचार, आजीचा एखादा शब्द आठवतो का. कोशात शोधून काढू."

विचारले आहे. उत्तराची वाट पाहते आहे.